आकडा स्थिर होईपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी दादाची. कंपनी दर वर्षी देते ती, निळ्या पुठ्ठ्याची. पहिली एकतीस पानं त्याच्या अक्षरात आहेत, पुढची कोरी. आज साहेबांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि सांगितलं की १ डिसेंबरला नवीन सहा जण रुजू होत आहेत, त्यांना नॅनो तंत्रज्ञानाची ओळख करून देणारं भाषण या वेळी मी करायचं. दादाची भाषणं सगळ्यांत जास्त मीच ऐकली आहेत, असं त्यांचं म्हणणं.

ऐकली आहेत हे खरं, पण मागच्या बाकावर बसून. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की मी दार शोधतो. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की दादा बाईंना सांगायचा, याचा घसा बसलाय. माझा घसा दहावीपर्यंत बसलेला होता.

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

दादा जाऊन आज सव्वीस दिवस झाले. भाषणाची तयारी याच डायरीत करावी म्हणून पेन घेतलं आणि हे लिहून बसलो. असो. सहा जणांत आमची मुंगीही आहे. दादाची मुलगी. रसायनशास्त्र शिकली आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून दादाने ठेवलेलं नाव अजून चालू आहे. कंपनीने तिला दादाच्या जागी घेतलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादाची पानं वाचली. त्याने लिहिलंय तसं उतरवतो, म्हणजे पाठ होईल.

‘एक मिलिमीटर घ्या. त्याचे दहा लाख सारखे तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस जाडीला ऐंशी हजारांच्या आसपास भरतो. शेजारणीचा मोजायला जाऊ नका.’ पुढे कंसात: इथे हसतील, थांबायचं.

मग साखरेचा खडा. अख्खा खडा पाण्यात टाकला तर बराच वेळ तसाच बसतो. कुटून टाकला तर लगेच विरघळतो. साखर तेवढीच, पण तिला पाणी लागायच्या जागा वाढल्या. दादा लिहितो, ‘वस्तू तीच, पण फार बारीक केली की तिचा स्वभाव बदलतो.’ सोनं तेवढं बारीक केलं की लाल दिसतं. चांदी मलमपट्टीत घातली की जखमेतले जंतू मारते. उन्हात लावायचं क्रीम चेहऱ्यावर पांढरं दिसत नाही ते त्यामुळेच. औषध इतक्या छोट्या वेष्टनात घालता येतं की जिथे पोचायला हवं तिथे जास्त पोचतं. पाणी गाळायच्या जाळ्या, बॅटऱ्या, संगणकातले भाग, डाग न धरणारं कापड. आणि आमची पांढरी पावडर. ती काचेवरच्या लेपात जाते, मग त्या काचेवर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो.

दादा हे सगळं जादूगारासारखं सांगायचा. मी वाचतो तर सामानाची यादी वाटते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वजनखोलीची किल्ली मिळाली. दादा ऑगस्टमध्ये आजारी पडल्यापासून खोली बंद आहे, वजन केलेला माल बाहेरून येतो. १ तारखेनंतर खोली पुन्हा सुरू होणार. मी माझं टेबल पुसलं.

नव्या लोकांना ही खोली समजावून सांगायची आहे, म्हणून लिहून बघतो. खोलीच्या मध्ये काच आहे. काचेच्या आत काटा, बाहेर माझं टेबल. आकडा टेबलावरच्या पेटीत दिसतो. आत दादा मोठ्या पोत्यातून पावडर काढून अर्ध्या अर्ध्या किलोच्या थैल्या भरायचा, बाहेर मी आकडा बघून नोंद करायचो. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. काट्याच्या वर भिंतीतून एक वाकडा पाइप येतो, तो हवा ओढून घेतो. त्याला सगळे सोंड म्हणतात. तिचं बटण माझ्या बाजूला.

अकरा वर्षं आम्ही असं काम केलं. मला लहानपणापासून दम्याचा त्रास, म्हणून पहिल्याच दिवशी दादा म्हणाला होता, तू बाहेर बस. कारखान्यात मला अचूक म्हणतात. साहेबसुद्धा ‘अचूकराव’ म्हणतात. आमच्या खोलीतली थैली एकदाही परत आली नाही. त्याचं कारण आमची पद्धत. सोंड चालू असली की हवेच्या ओढीने काटा हलतो, शेवटचे दोन आकडे नाचत राहतात. म्हणून थैली काट्यावर ठेवली की दादा बोट वर करायचा आणि मी बटण बंद करायचो. आकडा स्थिर व्हायचा, मी लिहून घ्यायचो. पहिल्या आठवड्यातच दर वेळी बंद-चालू करणं सोडलं, पहिल्या बोटाला बंद केलं की सगळ्या थैल्या होईपर्यंत बंदच ठेवायचो. बोलावं लागायचं नाही. आमच्या दोघांमध्ये एवढं जमून आलेलं दुसरं काही नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मुंगीला वजनखोली मिळाली आहे. आत. दादाची जागा म्हणजे खरोखरच दादाची जागा.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. मी दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहतो, पण दादा गेल्यापासून तिकडे जायला पाय उचलत नाही. वहिनी काय विचारतील याची भीती वाटते. विचारत काहीच नाहीत. पूर्वी दादा कामावर येताना दोन डबे आणायचा, एक माझा. आता मी उपाहारगृहात पाव खातो, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं असावं, कारण त्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

मुंगी खुशीत होती. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “मला आधी नको वाटत होतं. पण भाऊजी, बाहेर तुम्ही असाल ना. मग मला काळजी नाही.”

मी हो म्हटलं. घरी येऊन दोनदा हात धुतले. का, ते कळलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वहिनीच्या घरी भाषणाची तालीम. श्रोते दोन. केसाच्या विनोदावर मी थांबायला विसरलो आणि साखरेचा खडा कुटताना तो उडून कपाटाखाली गेला. मुंगी म्हणाली, काका, तू भाषण करतोयस की गुन्हा कबूल करतोयस? वहिनी पुष्कळ दिवसांनी हसल्या.

मग मुंगीने विचारलं की आत मास्क कसला असतो. मी सांगितलं, कापडी, दुहेरी, दादाचा रोज धुतलेला असायचा. तिने ओढणीचं टोक दिव्यापुढे धरलं. मग म्हणाली, कापडाच्या दोन धाग्यांमध्ये जी फट असते ना, ती नॅनोमीटरमध्ये किती असेल? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, तूच आत्ता केसाचं सांगितलंस.

मी विषय बदलून चांदीच्या पट्टीवर गेलो. पण परत येताना रस्त्यावर उभा राहून शर्टाची बाही दिव्याखाली धरली आणि डोळ्यांजवळ नेऊन धागे बघितले. फट दिसते. साध्या डोळ्यांनी दिसते. आणि केस तिच्यातून सहज जाईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दादाचा कामाचा शर्ट माझ्याकडे आहे. कामाच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या खुंटीला अडकवून दवाखान्यात गेला होता, चार दिवसांत येतो म्हणून. आजवर रोज त्याच्याकडे बघायचो, बरं वाटायचं. आज त्याच्या जवळून जाताना श्वास धरला गेला. स्वतःच्या भावाच्या शर्टाजवळ.

खोलीतली फरशी ओल्या फडक्याने पुसली. मग कपाट. मग भिंत, हात पोचतो तिथपर्यंत. जे दिसत नाही ते पुसलं गेलं की नाही हे कसं ओळखायचं? मी आयुष्यभर मोजणारा माणूस. ज्याचा आकडा नाही त्याची मला फार भीती वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाच्या डायरीत एकोणतिसाव्या पानावर फक्त मथळा आहे: सोंड. खाली दोनदा रेघ. मग एक ओळ लिहून इतकी खोडलीय की कागद फाटलाय. बाकी पान कोरं. त्याच्या भाषणात सोंडेबद्दल कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. बहुतेक लिहायच्या आत आजारी पडला.

ते पान भरायला हवं, म्हणून फिटरकडे गेलो. तो वजनखोलीत सोंड उघडून बसला होता. मला बघून म्हणाला, “या मास्तर.” भाषणाची बातमी सगळीकडे गेलीय.

मी विचारलं, सोंडेबद्दल नव्या लोकांना काय सांगू? तो म्हणाला, काय सांगणार, अकरा वर्षांची मोटर, काल बसवल्यासारखी आहे, एवढी जपलेली मोटर साऱ्या कारखान्यात नाही. मग त्याने आतली गाळणीची पिशवी ओढून माझ्यासमोर झटकली. मी एकदम मागे सरलो. तो हसला.

“घाबरता कशाला? कोरी आहे. हिच्यात कधी काही गेलंच नाही.”

पिशवी पांढरीशुभ्र होती. शिवणीजवळ बनवणाऱ्या कंपनीचा शिक्कासुद्धा तसाच. मी विचारलं, मग जे हिच्यात जायला हवं होतं ते कुठे गेलं? फिटरने माझ्याकडे बघितलं. त्याचं हसू गेलं. म्हणाला, “ते मला काय विचारता, अचूकराव.” आणि स्क्रू शोधायला लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वजनाच्या नोंदवह्या काढल्या. दहा किलोच्या पोत्यातून वीस थैल्या भरायला हव्यात. भरायच्या, पण शेवटची नेहमी थोडी कमी यायची. साधारण नऊ ग्रॅम. त्याच्या पुढे मी ‘काट्याचा फरक’ असं लिहायचो. हे माझ्या आधीचा माणूस लिहायचा, त्याच्याकडून मी शिकलो. पाळीला दोन पोती, म्हणजे अठरा ग्रॅम.

वर्षाचे तीनशे दिवस धरले. अकरा वर्षं धरली.

एकोणसाठ किलो चारशे ग्रॅम.

तीनदा गुणाकार केला. काट्याला फरक असता तर कधी जास्तही भरलं असतं. एकदाही जास्त भरलेलं नाही. मी इतका मोजून काम करणारा, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. बरंचसं फरशीवर बसलं असेल, ती रोज पुसली जायची. सगळं काही हवेत गेलं नसेल. पण दवाखान्यात दादाला शेवटी काट्यावर उभं केलं तेव्हा तो त्रेपन्न किलो भरला होता, आणि तो आकडाही मीच वाचला होता.

वह्या परत जागेवर ठेवल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी दादाचे कागद पुन्हा काढले. म्हणाल्या, फुफ्फुसं कडक झाली होती, पण कशाने ते नक्की सांगता येणार नाही, तरुणपणी विड्या ओढायचे असंही इथे लिहिलंय. मी सोंडेचं सांगितलं. बटणाचंही सांगितलं, पण ते कुणाच्या हातात होतं ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा काढला. हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, एवढंच म्हणाल्या. मग माझी छाती तपासून घ्या म्हणाल्या. मी काचेच्या बाहेर असायचो, असं सांगून निघालो.

तिथून साहेबांकडे. मी म्हटलं, काट्याभोवती काचेची पेटी बसवू, म्हणजे सोंड चालू ठेवून वजन करता येईल, आणि आतल्या माणसाला चांगला, घट्ट बसणारा मास्क देऊ. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. पण मोठी मागणी पुरी होईपर्यंत थांबा म्हणाले, पेटी यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर तुमची जुनी पद्धत आहेच, शेवटचे दोन आकडे हलले तर माल परत येईल. आजवर चाललंच ना?

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते माझं मलाच कळलं नाही. दारापाशी गेल्यावर आठवलं की आजवर चाललं नाही. पण तोवर त्यांनी फोन उचलला होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुंगी खोलीवर आली. तिचं ओळखपत्र आलंय, ते दाखवायला. फोटोत ती दादासारखी दिसते. मी तिला दुसरा विभाग मागून घे म्हटलं. ती म्हणाली, का? मी म्हटलं, सहज. ती म्हणाली, काका, तुला सहज काही वाटत नाही.

मग तिने डायरी चाळली आणि सोंडेच्या पानावर थांबली. म्हणाली, हे पान कोरं का, असं मी बाबांना विचारलं होतं, तेव्हा ते एकदम चिडले होते. म्हणाले, ते राहू दे, आणि काकाला त्यातलं काही विचारायचं नाही. अजिबात नाही.

मला वाईट वाटलं. दादालासुद्धा वाटत असणार की मला हे भाषण कधी जमायचं नाही.

निघताना ती दारात उभी राहिली आणि दवाखान्यातलं सांगायला लागली. शेवटचे दोन दिवस बाबा शुद्धीत नव्हते, पण मधूनच एक बोट वर करायचे. असं. आई पाणी द्यायची, तरी बोट वरच. आम्हाला काही कळेना. तू बाहेर बाकावर होतास, नाहीतर तुला विचारलं असतं. काय मागत असतील रे?

मी म्हटलं, माहीत नाही.

मला माहीत होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी वहिनीकडे गेलो, सांगून टाकायचं असं ठरवून. त्या दादाचे मास्क घड्या घालून ठेवत होत्या, मुंगीला होतील म्हणून. सात होते, सगळे धुतलेले. मी चहा प्यालो. हवेबद्दल बोललो. परत आलो.

उद्या भाषण. इतके दिवस मला वाटत होतं की मी भाषणाला घाबरतोय.

१ डिसेंबर, सोमवार

दहा वाजता. सहा जण, दोन बाकांवर. मुंगी पहिल्या बाकावर. साहेब दारात उभे होते.

मिलिमीटर झाला, केस झाला. कुणी हसलं नाही, मीही थांबलो नाही. खडा या वेळी उडाला नाही. सोनं, चांदी, औषधं, बॅटऱ्या, सगळं क्रमाने झालं. एकाने विचारलं, मग ही गोष्ट चांगली की वाईट? मी म्हटलं, पाण्यात विरघळायला साखरेला जितक्या जागा मिळतात, तितक्याच या पावडरीला आपल्या आत मिळतात. ती जिथे हवी तिथे घाला. उरलेली कुठे गेली ते मोजा. हे दादाच्या पानांत नव्हतं.

मग एकोणतिसावं पान. मी डायरी वर धरून त्यांना कोरं पान दाखवलं. दुसऱ्या हाताने टेबल धरलं.

“वजनखोलीत एक सोंड आहे. ती हवा ओढते आणि त्यामुळे काटा हलतो. म्हणून ती बंद ठेवायची पद्धत होती. बटण बाहेरच्या माणसाच्या हातात असतं. ते मी बंद करायचो. अकरा वर्षं. आत माझा भाऊ होता.”

साहेब दोन पावलं पुढे आले आणि थांबले. मी खाली बघत होतो. टेबलावर साखरेचा चुरा सांडला होता, त्याच्याकडे. वाटलं, आता मुंगी उठून जाईल. बाक सरकल्याचा आवाज आला, पण ती उठली नव्हती. तिने हात वर केला होता, वर्गात करतात तसा. डोळे लाल होते, पण आवाज साधा होता.

“मग आता आकडा नाचला तर काय करायचं?”

मी साहेबांकडे बघितलं. फार भीती वाटली. दादा असता तर म्हणाला असता, याचा घसा बसलाय.

“नाचू द्यायचा,” मी म्हटलं.

नंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. हे ओळखीच्या भाषणात बोलायचं नसतं, म्हणाले. मी म्हटलं, मग कुठे बोलायचं असतं? असं मी म्हटलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. ते म्हणाले, बघू, आणि गेले. माल परत आला तर पहिलं नाव माझं असणार.

मुंगी माझ्या आधी घरी गेली. ती वहिनींना काय सांगेल, वहिनी काय म्हणतील, या विचाराने संध्याकाळभर दाराकडे बघत बसलो. कुणी आलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

वजनखोली सुरू झाली. मुंगी आत, मी बाहेर. मास्क साहेबांनी नवा पाठवला, घट्ट बसणारा. एकच आहे, पण आहे. पेटीचं अजून काही नाही. सोंड मी पाळी सुरू व्हायच्या आधीच चालू करून ठेवली. तिचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

पहिली थैली काट्यावर आली. शेवटचे दोन आकडे नाचायला लागले. मुंगीने काचेतून माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. तिला फक्त म्हणायचं होतं, पहिली. पण माझा हात आपोआप बटणाकडे निघाला होता. बोट बटणावर टेकलंसुद्धा. मी हात ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसलो. डाव्या हाताने नोंद केली. शेवटच्या दोन आकड्यांची जागा कोरी सोडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग दुसऱ्या थैलीची. मग चाळीसही थैल्यांची.

दुपारी मुंगी बाहेर आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन डबे होते. एक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आईने दिलाय, सगळा संपवायचा म्हणून सांगितलंय. डबा गरम होता.

म्हणजे तिने वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही. आज ना उद्या सांगेलच. तोवर खातो.